ध्वज पुढें, घटना मागें

'साम्राज्य' हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें सिंहासन, मुकुट आणि दरबार हीं उभीं राहतात. आणि 'प्रजासत्ताक' म्हटलें कीं मतपेटी, कायदेमंडळ आणि राज्यघटना हीं आठवतात. हे दोन शब्द परस्परांचे वैरी आहेत, एक जेथें नांदतो तेथें दुसऱ्यास थारा नाहीं, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इतिहासाचा दाखला मात्र वेगळा आहे. रोमला पहिला सम्राट मिळाला तो ख्रिस्तपूर्व २७ सालीं. परंतु सिसिली बेट रोमच्या ताब्यांत आलें तें ख्रिस्तपूर्व २४१ सालीं. मधल्या दोनशे वर्षांत रोममध्यें राजा नव्हता. निवडलेले अधिकारी होते, सीनेट होती, नागरिकांच्या सभा होत्या. आणि तरीहि समुद्रापलीकडील प्रांतांवर रोमचे सुभेदार अंमल करीत होते आणि कर वसूल करीत होते. सम्राटावांचून साम्राज्य असूं शकतें, हा धडा इतका जुना आहे.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा इतिहास आपण बहुधा या दृष्टीनें वाचीत नाहीं. तेरा वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड करून स्वतंत्र झाल्या, त्यांनीं लेखी राज्यघटना निर्माण केली, पुढें यादवी युद्धाची आंच सोसून गुलामगिरी नष्ट केली, एवढा भाग आपल्या परिचयाचा असतो. त्याचा प्रभाव आपल्याकडे केवढा पडला होता हें पाहावयाचें असेल तर १८७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी' या ग्रंथाची अर्पणपत्रिका पाहावी. गुलामांच्या मुक्ततेसाठीं झीज सोसणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना त्यांनीं तो ग्रंथ अर्पण केला आहे. ती कृतज्ञता रास्तच होती. परंतु बरोबर पंचवीस वर्षांनीं तेंच राष्ट्र समुद्रापलीकडील सुमारें ऐंशी लक्ष लोकांचें, त्यांना एका शब्दानेंहि न विचारतां, धनी झालें. आणि आज त्या गोष्टीची आठवण खुद्द अमेरिकन नागरिकांतहि थोड्यांनाच आहे. हें विस्मरण कसें घडलें आणि त्याची किंमत कोणीं दिली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभ स्वातंत्र्याच्या उदयकाळापासूनच करावा लागतो. १७८३ च्या तहानें नव्या राष्ट्राला मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख मिळाला. तेरा राज्यांच्या पलीकडे पसरलेल्या या मुलखाचें करावयाचें काय, असा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर १७८७ च्या एका कायद्यानें दिलें. ओहायो नदीच्या उत्तरेकडील भागास 'टेरिटरी', म्हणजे केवळ 'प्रदेश', असें नांव देण्यांत आलें. प्रथम त्यावर काँग्रेसनें, म्हणजे तेथील मध्यवर्ती कायदेमंडळानें, नेमलेला गव्हर्नर आणि तीन न्यायाधीश राज्य करतील. पांच हजार प्रौढ स्वतंत्र पुरुषांची वस्ती झाली कीं तेथें लोकनियुक्त सभा येईल. आणि साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले म्हणजे तो प्रदेश इतरांच्या बरोबरीनें घटक राज्य होईल, अशी ही पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था होती. वसाहतीला यथाकाल समान दर्जा देण्याचें वचन कायद्यांतच गोवणारी ही कल्पना त्या काळीं मोठी उदार होती, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. इंग्लंडनें आपल्या वसाहतींना असें वचन दिलें असतें तर कदाचित् बंडच झालें नसतें.

परंतु त्याच वर्षीं सिद्ध झालेल्या राज्यघटनेच्या चौथ्या कलमांत एक लहानसा शब्दप्रयोग आहे. राष्ट्राच्या मालकीचा "प्रदेश अथवा अन्य मालमत्ता" यांविषयीं नियम करण्याचा अधिकार त्या कलमानें काँग्रेसला दिला आहे. यांतील 'अन्य' हा शब्द लक्ष देऊन वाचावा. प्रदेश ही मालमत्ता. जशी सरकारी इमारत, जशी सरकारी जहाजें, तशीच ती भूमि आणि तिच्यावरील माणसें. एकीकडे समान दर्जाचें वचन आणि दुसरीकडे मालकीचा हक्क, या दोन कल्पना अमेरिकेच्या घरांत प्रथमपासून शेजारीं शेजारीं राहत आल्या. कोणती कोणास लागू करावयाची, हें ठरविणें पुढच्या पिढ्यांच्या हातीं राहिलें.

त्यांनीं तें कसें ठरविलें, याची उदाहरणें पाहूं. १८०३ सालीं अध्यक्ष जेफर्सन यांनीं नेपोलियनकडून लुइझियानाचा सव्वाआठ लक्ष चौरस मैलांचा मुलूख दीड कोटी डॉलरांस खरेदी केला, आणि राष्ट्राचा विस्तार एका सहीनें दुप्पट झाला. परकीय भूमि विकत घेण्याचा अधिकार घटनेनें आपणांस दिला आहे काय, याविषयीं खुद्द जेफर्सन साशंक होते. खरेदीखतांत तेथील रहिवाशांची संमति कोणींच मागितली नव्हती. आणि ज्या मूळ जमातींची ती भूमि होती, त्यांना तर ती विकली गेल्याची वार्ताहि कित्येक वर्षें लागली नसेल. याच जेफर्सन यांनीं १७८० सालींच 'स्वातंत्र्याचें साम्राज्य' असा शब्दप्रयोग केला होता. पुढील शतकांतील सगळा विसंवाद त्या दोन शब्दांत सांठविलेला आहे.

चेरोकी जमातीची कथा या दृष्टीनें विशेष बोलकी आहे. या लोकांनीं स्वतःची लिपि निर्माण केली, १८२७ सालीं लेखी राज्यघटना केली, पुढील वर्षीं स्वतःचें वृत्तपत्र काढलें. सुधारणेच्या ज्या ज्या खुणा गोऱ्या माणसानें सांगाव्या त्या त्या त्यांनीं अंगीं बाणविल्या. १८३० सालीं मूळ जमातींना मिसिसिपीच्या पलीकडे घालविण्याचा कायदा झाला, तेव्हां चेरोकींचा प्रश्न न्यायालयांत गेला. आणि १८३२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जॉर्जिया राज्याचा अंमल त्यांच्या भूमीवर चालत नाहीं असा निकाल दिला. तो निकाल कागदावरच राहिला. १८३८-३९ च्या हिंवाळ्यांत लष्कराच्या पहाऱ्यांत त्यांना सुमारें आठशें मैल दूर पश्चिमेकडे नेण्यांत आलें, आणि त्या वाटेंत व छावण्यांत सुमारें चार हजार माणसें मेलीं असा अंदाज आहे. ज्या भागांत त्यांना नेलें तो भाग कायमचा त्यांचा राहील असें आश्वासन होतें. १९०५ सालीं तेथील जमातींनीं एकत्र जमून, १७८७ च्या कायद्यानें दाखविलेल्या वाटेनेंच, 'सेक्वोया' नांवाच्या घटक राज्याची मागणी केली, घटनेचा मसुदाहि सिद्ध केला. काँग्रेसनें तो विचारांत घेतला नाहीं. १९०७ सालीं तो प्रदेश गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या ओक्लाहोमा राज्यांत विलीन झाला. पायऱ्या सर्वांना दिसत होत्या. चढूं मात्र सर्वांना देत नव्हते.

मेक्सिकोच्या युद्धांत हेंच तत्त्व अधिक उघडपणें बोललें गेलें. १८४६ ते १८४८ च्या या युद्धांत अमेरिकन सैन्य थेट मेक्सिको शहरांत जाऊन पोंचलें, आणि संपूर्ण देशच गिळावा असा आग्रह कांहीं पुढारी धरूं लागले. तेव्हां सीनेटमध्यें कॅल्हून यांनीं त्याला विरोध केला. त्यांचा युक्तिवाद न्यायाचा नव्हता. आपलें सरकार हें गोऱ्या वंशाचें सरकार आहे, त्यांत मेक्सिकोचे मिश्र वंशाचे लोक समानतेनें घेतां येणार नाहींत, हा तो युक्तिवाद. शेवटीं तहानें जी सीमा ठरली ती विरळ वस्तीचा विस्तीर्ण मुलूख आंत घेऊन दाट वस्ती बाहेर ठेवणारी ठरली. पूर्वींच गेलेला टेक्सास धरला तर मेक्सिकोनें आपली निम्म्याहून अधिक भूमि गमावली. कॅलिफोर्नियांत सोनें सांपडतांच गोरे लोक लोटले, आणि दोन वर्षांत त्याचें घटक राज्य झालें. स्पॅनिश बोलणाऱ्यांची आणि मूळ रहिवाशांची बहुसंख्या असलेला न्यू मेक्सिको मात्र १८५० पासून १९१२ पर्यंत, म्हणजे बासष्ट वर्षें, 'प्रदेश' म्हणूनच तिष्ठत राहिला. जमीन हवी, तीवरील माणसें नकोत, ही वृत्ति पुढच्या इतिहासाची किल्ली आहे.

मध्यंतरीं पाऊल समुद्रावर पडलें होतें, आणि तें पडण्याचें कारण ऐकून हंसूं यावें असें आहे. पूर्वेकडील शेतांची माती निकस झाली होती, आणि समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचें खत, ज्याला ग्वानो म्हणतात, त्याला सोन्याचें मोल आलें होतें. १८५६ सालीं काँग्रेसनें कायदा केला कीं, दुसऱ्या कोणाच्या ताब्यांत नसलेलें ग्वानोचें बेट ज्या अमेरिकन नागरिकास सांपडेल, तें अध्यक्षांच्या इच्छेनें राष्ट्राशीं 'संलग्न' समजलें जावें. राष्ट्राचा भाग नव्हे, संलग्न! कॅरिबियन व पॅसिफिक समुद्रांतील शंभराच्या आसपास बेटांवर या कायद्याखालीं हक्क सांगण्यांत आले. त्यांतील नव्हासा बेटावर बाल्टिमोरहून नेलेले नीग्रो मजूर गुलामांसारखेच राबविले जात. १८८९ सालीं त्यांनीं उठाव केला, त्यांत पांच गोरे मुकादम ठार झाले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्या न्यायालयानें १८९० सालीं असा निर्णय दिला कीं, बेट राष्ट्राशीं संलग्न असल्यामुळें अमेरिकेचा फौजदारी कायदा तेथें चालतो. फांशी देण्यापुरतें तें बेट अमेरिकेंत होतें, हें ध्यानांत ठेवावें. अध्यक्ष हॅरिसन यांनीं मजुरांची हलाखी पाहून ती फांशी पुढें रद्द केली, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

हवाईची कथा याहून गंभीर आहे. हें एक स्वतंत्र राज्य होतें. त्याचे इतर राष्ट्रांशीं तह झालेले होते. १८९३ सालीं ऊंसाच्या मळेवाल्यांशीं हितसंबंध असलेल्या गोऱ्या मंडळींनीं राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलें, त्या वेळीं अमेरिकन युद्धनौकेवरील सैनिक होनोलुलूच्या रस्त्यांत उतरलेले होते. अध्यक्ष क्लीव्हलँड यांनीं चौकशी करवून हा अन्याय असल्याचें सांगितलें आणि हवाई खालसा करण्यास नकार दिला. १८९७ सालीं खालसा करण्याविरुद्ध हवाईच्या एकवीस हजारांहून अधिक रहिवाशांनीं सह्या केलेला अर्ज वॉशिंग्टनला पोंचला. तरीहि पुढच्याच वर्षीं युद्धाच्या धामधुमींत काँग्रेसच्या साध्या ठरावानें हें राज्य खालसा झालें. त्या ठरावाला शंभर वर्षें होत आलीं तेव्हां, म्हणजे १९९३ सालीं, राणीला उलथून टाकल्याबद्दल काँग्रेसनें रीतसर क्षमा मागितली. क्षमा मागितली हें तिला भूषणावह आहे; राज्य अर्थातच परत आलें नाहीं.

आतां आपण १८९८ सालाशीं येऊन पोंचलों. क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचा कैवार घेऊन अमेरिकेनें स्पेनशीं युद्ध पुकारलें. क्यूबा आपण खालसा करणार नाहीं अशी प्रतिज्ञा काँग्रेसनें आधींच केली होती. पण ही प्रतिज्ञा क्यूबापुरतीच होती. १ मे रोजीं कमोडोर ड्यूई यांनीं मनिलाच्या उपसागरांत स्पेनचें आरमार बुडविलें. जून महिन्यांत ग्वाम बेटावर अमेरिकन युद्धनौकेनें तोफा डागल्या, तर तेथील स्पॅनिश अधिकाऱ्यांना युद्ध सुरू झाल्याची बातमीच नव्हती. त्यांना ती सलामी वाटली, आणि उलट सलामी देण्यास दारूगोळा नसल्याबद्दल ते दिलगिरी व्यक्त करण्यास नौकेवर आले. इतक्या सहजगत्या जें बेट ताब्यांत आलें तें आजहि अमेरिकेकडेच आहे.

फिलिपाइन्सची गोष्ट इतकी सहज नव्हती. तेथील लोक स्पेनविरुद्ध आधींपासूनच लढत होते. त्यांचे सेनानी आगिनाल्दो यांनीं १२ जून १८९८ रोजीं स्वातंत्र्याची घोषणा केली, आणि जानेवारी १८९९ मध्यें मालोलोस गांवीं रीतसर घटना असलेलें प्रजासत्ताक स्थापन केलें. पॅरिसमध्यें तहाची बोलणीं चालू असतां त्यांचे वकील आगोन्सिल्यो तेथें जाऊन दाराशीं बसले. त्यांना आंत घेतलें नाहीं. १० डिसेंबर १८९८ च्या तहानें स्पेननें प्वेर्तो रिको आणि ग्वाम सोडून दिले, आणि दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपाइन्स अमेरिकेच्या हवालीं केलें. एक प्रजासत्ताक दुसऱ्या प्रजासत्ताकाला एका राजाकडून विकत घेत होतें!

या वेळीं अमेरिकेंत जो वाद माजला त्यांत दोन नांवें अशीं आहेत कीं ज्यांचा मुंबईशीं संबंध होता. एक रडयार्ड किपलिंग. मुंबईत जन्मलेल्या या कवीनें फेब्रुवारी १८९९ मध्यें 'गोऱ्या माणसाचें ओझें' या आशयाचें आपलें प्रसिद्ध काव्य लिहिलें तें आपल्या हिंदुस्थानास उद्देशून होतें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्याचें उपशीर्षकच संयुक्त संस्थानें आणि फिलिपाइन बेटें असें आहे. अमेरिकेनें ओझें उचलावें हा त्यांतील उपदेश आहे. दुसरें नांव मार्क ट्वेन. १८९६ च्या जानेवारींत हा विनोदपटु लेखक मुंबईत व्याख्यानें देऊन गेला होता. १९०० सालीं स्वदेशीं परततांच त्यानें आपण साम्राज्याचे विरोधक आहों असें जाहीर केलें, आणि बोस्टन येथें स्थापन झालेल्या साम्राज्यविरोधी संघाचा तो उपाध्यक्ष झाला. सीनेटमध्यें तह मंजूर होण्यास दोनतृतीयांश मतें लागत. ६ फेब्रुवारी १८९९ रोजीं ५७ विरुद्ध २७ मतांनीं तो मंजूर झाला. आवश्यकतेहून केवळ एक मत अधिक. दोनच दिवस आधीं मनिलाजवळ अमेरिकन आणि फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला होता.

त्या युद्धांत सुमारें ४,२०० अमेरिकन आणि २०,००० फिलिपिनो सैनिक कामास आले. लढाई, दुष्काळ आणि रोगराई यांनीं मेलेले सामान्य जन दोन लक्षांहून कमी नसावेत असें मानतात. समार बेटावर जनरल स्मिथ यांनीं दहा वर्षांवरील प्रत्येकास ठार करण्याचा हुकूम दिला होता, हें १९०२ सालीं त्यांच्याच लष्करी न्यायालयापुढें उघड झालें. शिक्षा काय झाली, तर समज आणि सेवानिवृत्ति. क्यूबामध्यें स्पेनच्या सेनापतीनें रयतेला छावण्यांत कोंडलें म्हणून ज्या राष्ट्रानें शस्त्र उपसलें, त्याच राष्ट्रानें तीन वर्षांच्या आंत फिलिपाइन्समध्यें रयतेला छावण्यांत कोंडलें.

श्रोतेहो, आतांपर्यंत मीं युद्धें आणि तह यांविषयीं बोललों. परंतु या साम्राज्याचा खरा पाया रणांगणावर घातला गेला नाहीं. तो घातला गेला एका कचेरींत, आणि त्याचें निमित्त होतें संत्र्यांच्या पेट्या. डाउन्स नांवाच्या एका व्यापाऱ्यानें प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्क बंदरांत संत्रीं आणलीं. जकात अधिकाऱ्यानें त्यावर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात घेतली. व्यापाऱ्यानें ती निषेध नोंदवून भरली आणि न्यायालयांत दाद मागितली. त्याचें म्हणणें सरळ होतें. सर्व संयुक्त संस्थानांत जकात एकसारखी असली पाहिजे असें घटना सांगते. फ्लोरिडाच्या संत्र्यांवर न्यूयॉर्कमध्यें जकात नाहीं. मग प्वेर्तो रिको जर अमेरिकेंत असेल, तर तेथील संत्र्यांवर जकात कशी? प्रश्न संत्र्यांचा होता, पण उत्तर माणसांविषयीं द्यावें लागणार होतें. कारण जकातीचें कलम तेथें लागू झालें, तर बाकीची घटनाहि लागू झाली असती.

२७ मे १९०१ रोजीं निकाल लागला. पांच न्यायाधीश एका बाजूस, चार दुसऱ्या बाजूस. जकात कायम राहिली. निर्णय वाचून दाखविणारे न्यायमूर्ति ब्राउन यांनीं असा विचार मांडला कीं, नव्या मुलखांत धर्म, चालीरीति आणि विचारपद्धति यांनीं भिन्न असे परके वंश राहत असतील, तर तेथें कांहीं काळ तरी अमेरिकन तत्त्वांनीं राज्य करणें अशक्य होईल. न्यायमूर्ति व्हाइट यांनीं निराळा मार्ग काढला, आणि पुढें तोच रूढ झाला. कांहीं प्रदेश राष्ट्रांत 'समाविष्ट' असतात, कांहीं नसतात. प्वेर्तो रिको हें जगाच्या दृष्टीनें अमेरिकेचें, पण अमेरिकेच्या घरांत मात्र परकें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. न्यायमूर्ति हार्लन यांनीं याविरुद्ध कडक भिन्नमत नोंदविलें. घटनेबाहेर राहून काँग्रेसला कोठेंहि सत्ता चालवितां येणार नाहीं, हा त्यांचा आशय होता. येथें एक योग लक्षांत घेण्याजोगा आहे. १८९६ सालीं आगगाडींत गोऱ्यांचे व काळ्यांचे डबे वेगळे ठेवण्याचा कायदा ज्या निकालानें वैध ठरविला, तो लिहिणारे न्यायमूर्ति हेच ब्राउन होते, आणि त्यालाहि विरोध करणारे एकटे न्यायमूर्ति हार्लन होते. घरांतील भेदनीति आणि घराबाहेरील साम्राज्यनीति एकाच लेखणींतून उतरल्या होत्या. पहिला निकाल १९५४ सालीं पुसला गेला. दुसऱ्याच्या नशिबीं तें अजून आलेलें नाहीं.

या निकालानें जें साधलें तें कॅल्हून यांनाहि सुचलें नव्हतें. त्यांच्या काळीं लोक नकोत म्हणून जमीन सोडावी लागत असे. आतां जमीन घेऊनहि लोकांना उंबऱ्यावर उभें करून ठेवण्याची सोय झाली. आणि 'वसाहत' हा शब्द तर कोठेंच उच्चारावा लागला नाहीं. इंग्लंडनें वसाहतींसाठीं स्वतंत्र मंत्री ठेवला होता, त्याच्या नांवाची पाटीहि लावलेली होती. अमेरिकेनें युद्धखात्यांत एक विभाग उघडला आणि त्यास 'द्वीपविषयक' असें निरुपद्रवी नांव दिलें. खुद्द प्वेर्तो रिकोचें नांवहि सरकारी कागदांत 'पोर्टो रिको' असें बदलून गेलें, तें १९३२ सालीं पूर्ववत् झालें. ज्याला नांवच नाहीं त्याची आठवण राहणार कशी? इंग्रज आपलें साम्राज्य मिरवीत होता, म्हणून त्याच्याशीं भांडणाऱ्यास निदान शत्रूचें नांव ठाऊक होतें.

१९१७ सालीं प्वेर्तो रिकोच्या लोकांना अमेरिकन नागरिकत्व मिळालें. त्या नागरिकत्वाचा अर्थ काय, हें १९२२ सालीं कळलें. बाल्झाक नांवाच्या एका संपादकावर बेअब्रूचा खटला झाला होता, आणि नागरिक या नात्यानें त्यांनीं ज्यूरीची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयानें ती एकमतानें फेटाळली. नागरिकत्व व्यक्तीला मिळालें आहे, प्रदेश मात्र समाविष्ट झालेला नाहीं, असें कारण दिलें. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टाफ्ट हे त्यापूर्वीं फिलिपाइन्सचे पहिले मुलकी गव्हर्नर होते. ज्यानें राज्य केलें त्यानेंच न्याय सांगितला.

फिलिपाइन्सला स्वातंत्र्य मिळालें, आणि अमेरिकेनें तें स्वखुषीनें दिलें, हें पुष्कळदा अभिमानानें सांगण्यांत येतें. त्यांत तथ्य आहे. तथापि १९३४ चा जो कायदा दहा वर्षांनंतर स्वातंत्र्य देण्याचें ठरवितो, त्याच्या पाठीमागें अमेरिकन साखरवाल्यांची स्वस्त फिलिपिनो साखरेविषयींची धास्ती होती, आणि कॅलिफोर्नियांत येणाऱ्या फिलिपिनो मजुरांविषयींचा द्वेषहि होता. त्या कायद्यानें फिलिपिनोंचें अमेरिकेंत येणें तत्काळ वर्षास पन्नास माणसांवर आणून ठेवलें. ध्वज मात्र आणखी बारा वर्षें उतरला नाहीं. १९३९ च्या खानेसुमारींत त्या बेटांची लोकसंख्या एक कोटी साठ लक्ष होती. दुसऱ्या महायुद्धांत १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मनिला शहर जपानी अत्याचार आणि अमेरिकन तोफा यांच्या कात्रींत सांपडून सुमारें एक लक्ष नागरिक मेले. अमेरिकन ध्वजाखालीं अमेरिकन भूमीवर झालेला हा संहार किती अमेरिकन शाळांतून शिकविला जातो? ४ जुलै १९४६ रोजीं, अमेरिकेच्या स्वतःच्या स्वातंत्र्यदिनींच, फिलिपाइन्स स्वतंत्र झालें. पण १९६२ सालीं त्या देशानें आपला स्वातंत्र्यदिन बदलला. ४ जुलैच्या ऐवजीं १२ जून पाळला जाऊं लागला. आगिनाल्दो यांनीं १८९८ सालीं घोषणा केली तो दिवस. आमचें स्वातंत्र्य कोणीं दिलेलें नसून हिरावून घेतलेलें आम्हांस परत मिळालें, एवढा अर्थ त्या एका तारखेंत आहे.

अलास्का आणि हवाई १९५९ सालीं घटक राज्यें झालीं आणि ध्वजावर पन्नास तारे आले. नकाशा पूर्ण झाला असें जगाला वाटलें. परंतु प्वेर्तो रिको, ग्वाम, १९१७ सालीं डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरांस घेतलेलीं व्हर्जिन बेटें, उत्तर मारियाना बेटें आणि अमेरिकन सामोआ हे पांच वसलेले प्रदेश त्या ताऱ्यांत नाहींत. २०२० च्या खानेसुमारीप्रमाणें तेथें छत्तीस लक्षांहून अधिक लोक राहतात. अध्यक्षाच्या निवडणुकींत त्यांना मत नाहीं. काँग्रेसमध्यें त्यांचे प्रतिनिधि बसतात, पण अंतिम मतदानांत हात वर करूं शकत नाहींत. प्वेर्तो रिकोचा मनुष्य विमानानें फ्लोरिडास जाऊन राहिला तर तो मतदार होतो. परत घरीं आला कीं त्याचें मत गेलें. सामोआच्या रहिवाशाला तर जन्मानें नागरिकत्वहि मिळत नाहीं. तो अमेरिकेचा केवळ 'राष्ट्रीय' असतो. आणि तरीहि अमेरिकेच्या सैन्यांत या सर्व बेटांतील तरुण लढले आहेत आणि मेले आहेत.

१९५२ सालीं प्वेर्तो रिकोला स्वतःची घटना मिळाली, तेव्हां प्रश्न सुटला असें सांगण्यांत आलें. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच सांगितलें कीं, फौजदारी खटल्यापुरतें पाहतां त्या बेटाच्या सत्तेचा उगम काँग्रेसमध्येंच आहे. आणि त्याच वर्षीं बेटाच्या कर्जबाजारी जमाखर्चावर देखरेख करण्यास काँग्रेसनें एक मंडळ नेमविलें, ज्याला लोकनियुक्त सरकारचा अर्थसंकल्प फिरवितां येतो. पुढच्या वर्षीं सप्टेंबरांत मारिया वादळानें बेट उध्वस्त केलें. सुमारें तीन हजार माणसें दगावलीं. त्या वेळीं घेतलेल्या एका चांचणींत जवळजवळ निम्म्या अमेरिकनांना प्वेर्तो रिकोचे लोक आपले सहनागरिक आहेत हें ठाऊकच नव्हतें असें आढळलें. विस्मरणाची किंमत कोण देतो, या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. जो आपला आहे हेंच माहीत नाहीं, त्याच्या मदतीस धांवण्याची निकड कोणास भासावी?

२०२२ सालीं न्यायमूर्ति गोर्सच यांनीं एका निकालांत स्पष्ट लिहिलें कीं, १९०१ च्या त्या द्वीपविषयक निकालांना घटनेचा आधार नाहीं, ते वंशविषयक पूर्वग्रहांवर उभे आहेत, आणि ते रद्द झाले पाहिजेत. ते न्यायमूर्ति पुराणमतवादी गणले जातात, म्हणून त्यांच्या शब्दांना अधिक वजन आहे. परंतु त्याच वर्षीं न्यायालयापुढें तशी संधि आली असतां न्यायालयानें तें प्रकरण ऐकण्यास नकार दिला. संत्र्यांच्या पेट्यांचा निकाल असा तग धरून राहिला आहे.

हा सारा वृत्तांत ऐकून, अमेरिकेचें प्रजासत्ताक म्हणजे निव्वळ ढोंग, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. राणीसाठीं अर्ज करणारे हवाईचे रहिवासी, उंबऱ्यावरून न्याय मागणारा संपादक, एकटे पडलेले न्यायमूर्ति हार्लन, या सर्वांनीं दाद मागितली ती त्या प्रजासत्ताकाच्याच तत्त्वांकडे. फुल्यांनीं ज्या सज्जनांना ग्रंथ अर्पण केला त्यांचाच हा वंश होय. मुलूख तलवारीनें मिळतो, तो टिकवितां येतो शब्दांच्या योगानें: प्रदेश, संलग्न, असमाविष्ट, द्वीपविषयक. हे शब्द इतके रूक्ष आहेत कीं सभ्य गृहस्थ ते वाचतां वाचतां पान उलटतो, आणि त्या उलटलेल्या पानाखालीं लक्षावधि माणसें राहून जातात. कोणत्याहि प्रजासत्ताकाची परीक्षा राजधानींतील मतपेटीवरून पुरी होत नाहीं. त्याच्या ध्वजाच्या सावलींत राहून ज्यांना ती मतपेटी लाभत नाहीं असे कोण आहेत, आणि त्यांचीं नांवें बाकीच्या नागरिकांना ठाऊक आहेत कीं नाहींत, हें पाहावें लागतें. आपणहि एका प्रजासत्ताकाचे नागरिक आहों. दुसऱ्याच्या घरचा हा इतिहास आपण वाचावयाचा तो याच कारणासाठीं.